उकाड्यात राहिलेली नळी

...तर काल सांगत होतो, हार आले, शाल आली, पण संशोधनाला पैसा देणारे लातूरचे पाहुणे काही येईनात. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत माझी नात धम्मप्रिया औषधांवर संशोधन करते. पाहुण्यांसमोरच प्रयोग सुरू करायचा, असं तिच्या सरांनी ठरवलेलं. उंदरांना टोचायचे जंतू सकाळीच मोजून नळीत भरलेले. पोरगी हार धरून दारात उभी आणि नळी टेबलावर. त्यात मे महिना! पाहुणे उगवले दुपारी. सत्कार झाला, टाळ्या झाल्या, मग उंदरांना जंतू टोचले आणि नंतर औषध दिलं.

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त उंदीर आडवे.

"औषध बिनकामाचं," सर म्हणाले. "लातूरच्या बैठकीत तसंच सांगतो. काम बंद."

ह्या औषधावर पोरीची सगळी उमेद. ती म्हणाली, "सर, नळी उकाड्यात राहिली. जंतू कितीतरी पटीनं वाढले असतील. तेवढंच औषध एवढ्या फौजेला कसं आवरंल?"

"म्हणजे दोष मी ठेवलेल्या सत्काराचा?"

"एकदा परत करू द्या. एका पिंजऱ्यात आधी मोजले होते तेवढे थोडे जंतू, औषध न दिलं तर तेवढ्यानंही उंदीर मरतो; दुसऱ्यात दाट. औषध सारखंच."

"दोन्हीकडं मेले तर?"

"तर औषध सोडते मी."

निकालाच्या दिवशी मी डबा घेऊन तिथंच. लई लोकांचे चेहरे पाहिले आयुष्यात, पण पोरीचा तसा कधी पाहिला नव्हता. डब्याला हात लावंना. सर मला म्हणाले, "बघा आजोबा, तुमची नात उंदरांची वकील झाली!"

"हाव साहेब," मी म्हणालो, "फी मात्र भाकरीचीच."

ती हसली न्हाई. दाट जंतूंच्या पिंजऱ्यात सगळं गार. थोड्या जंतूंच्या पिंजऱ्यातही एक उंदीर कोपऱ्यात निपचित. पोरीनं पिंजऱ्याला हलकेच टिचकी मारली. उंदीर दचकून उठला आणि बाकीच्यांत जाऊन दाणे कुरतडू लागला. एकही मेलेला नव्हता!

सर हळूच म्हणाले, "अगं, बैठकीत तेच पाहुणे बसणार. त्यांना काय सांगू, तुमच्या उशिरानं उंदीर मेले?"

धम्मप्रिया म्हणाली, "नळी मी बाहेर ठेवली सर, माझं नाव घ्या. पण जंतू दाट झाले की औषध कमी पडतं, हे सांगाच. उद्या एखादा पेशंट उशिरा दवाखान्यात येईल, तेव्हा अंगातले जंतू असेच वाढलेले असतील, अन् तिथं परत करून बघता येत न्हाई."