गच्चीवरचा राब

आज सकाळी खालच्या अंगणात कुणीतरी पालापाचोळा पेटवला. त्यात शेणाच्या गोवऱ्या असाव्यात. धूर खिडकीतून आत आला आणि मी हातातलं पुस्तक मिटलं.

साठच्या दशकात आम्ही तुंगार्लीत एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. हौसा माझी नवी नवरी, मावळातल्या भातशेतीच्या घरातली. तिला तिथं करमत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता, आणि ती परत येईल याची मला खात्री नव्हती.

त्याआधी एका दुपारी तिनं गच्चीच्या कोपऱ्यात विटा लावून माती भरली, वर गोवऱ्या आणि पाला पसरून पेटवून दिला. भाताचं रोप टाकण्याआधी गावाकडं जमीन अशीच भाजतात. त्याला राब म्हणतात. इथं तिला वांगी लावायची होती.

घरमालक आबा धापा टाकत वर आले. "अगं, बंगला जाळतेस का माझा?"

"न्हाई आबा, राब भाजते. त्याबिगर तण मरत न्हाई."

"आणि स्लॅब तडकला म्हणजे?"

"खाली वीतभर माती हाय. हात लावून बघा."

आबांनी खरंच वाकून हात लावून पाहिला. "पहिली वांगी माझ्या घरी आली पाहिजेत," असं म्हणून ते जिना उतरले.

संध्याकाळी राख सारखी करता करता ती म्हणाली, "दादाला निरोप धाडा, इतक्यात येत न्हाई म्हणावं. आबांना वांगी द्यायची हायेत."

तेव्हा मला ते वांग्यांपुरतंच वाटलं. पुढं ती जन्मभर माझ्यासोबत राहिली, पण त्या दिवशी का थांबली हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.