गुडघ्याएवढं स्टेज

माझा आवाज मोठा झाला तो बाबांमुळे. ते पुलगावच्या बाजूला एका जिनात मशीनवर होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या त्या मशीनच्या गोंगाटात त्यांचे कान हळूहळू गेले. डावा तर पार गेला. आमचं घर नाचणगावला. घरात बाबांशी बोलायचं म्हणजे एक तर ओरडायचं, नाहीतर समोर उभं राहून ओठ नीट हलवायचे, म्हणजे त्यांना शब्द दिसतात. मी दोन्ही करायचे. शेजारची काकू भिंतीपलीकडून आईला विचारायची, "तुयी पोरगी काऊन एवढी ओरडून राह्यली वं?" आई म्हणायची, "बापाले चहा विचारून राह्यली."

आता मी सेवाग्रामला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर रक्ताच्या नळ्या, आणि संध्याकाळी आमचा बँड. आम्ही तिघंच. गिटारवाला वर्ध्यात गणिताची शिकवणी घेतो, ड्रम वाजवणारी माझ्याच दवाखान्यात नर्स आहे आणि गाणारी मी. आम्ही पंक वाजवतो. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, तीन-चार सूर, आणि जे मनात आहे ते सरळ जोरात म्हणायचं. शब्द आमच्याच बोलीतले. आमचं एक गाणं आहे, त्यात मी विचारते, 'हळू बोल म्हणता, मंग ऐकता काऊन नाई?' ते लिहिताना माझ्या डोक्यात बाबा नव्हते, आमच्या लॅबचे साहेब होते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका मोठ्या रॉक महोत्सवाचं बोलावणं आलं. आई बाबांना म्हणाली, "तुमी जा पोरीसंगं. घरी बसून करता काय?" तिने तिखट पुऱ्यांचा डबा बांधून दिला आणि आम्ही चौघं रेल्वेने निघालो.

महोत्सवाचं मैदान एवढं मोठं, की या टोकावरून ते टोक धुळीत दिसेना. मधोमध मोठं स्टेज, दुमजली घराएवढं उंच, दोन्ही बाजूंना पडदे. आम्ही खूश होऊन आमचं स्टेज शोधायला लागलो. दोघांना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. शेवटी खाण्याच्या स्टॉलांच्या मागे, पार्किंगच्या वाटेवर, फिरत्या संडासांच्या रांगेला लागून एक लाकडी चौथरा दिसला. माझ्या गुडघ्याएवढा. वर ताडपत्री, समोर कठडा नाही, काही नाही. पाटी होती: 'पंक स्टेज'. आमची वेळ दुपारी तीनची.

गिटारवाल्याचा चेहरा पडला. "मॅडम, आपल्याले इथी आणून टाकलं," तो म्हणाला.

बाबांनी मात्र चौथऱ्याला एक चक्कर मारली, फळी दाबून पाहिली आणि म्हणाले, "मजबूत आहे."

तीन वाजता समोर ऐंशी-नव्वद पोरं असतील. ऊन मी म्हणत होतं. बाबा पांढरा शर्ट, टोपी घालून अगदी पुढे, माझ्यापासून तीन हातांवर. एका मुलीने त्यांना कानात घालायचे रबरी बोळे देऊ केले. "काका, कान खराब होतील." मी तिचं बोलणं ओठांनी बाबांपर्यंत पोचवलं. ते हसायला लागले. "तिले सांग, आता वाचवासाठी काई राह्यलंच नाई."

आम्ही सुरू केलं. दुसऱ्या गाण्याला पोरं गोल करून एकमेकांना धक्के देत नाचायला लागली. बाबांच्या कपाळावर आठी आली. गाणं संपल्याबरोबर त्यांनी मला विचारलं, "हे पोट्टे भांडून राह्यले का वं?" मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात पुढच्या गाण्यात एक पोरगा तोल जाऊन पडला, आणि क्षणात चार हातांनी त्याला उभं केलं. एकाने त्याचा चष्मा शोधून दिला. बाबांची आठी गेली. मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले ते शेवटपर्यंत.

मी खाली उतरले तर ते म्हणाले, "हळू बोल म्हणता, मंग ऐकता काऊन नाई?" आणि पोट धरून हसले. "माह्यावर केलं का हे गाणं?"

"नाई बाबा, आमच्या साहेबावर."

"मले वाटलं माह्यावर." जरा वेळाने म्हणाले, "माह्यावर असतं तरी चाललं असतं."

त्यांनी मला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. घरी सराव करायचे तेव्हा माझी त्यांच्याकडे पाठ असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयोजकांपैकी एक जण धावत आला. मोठ्या स्टेजवरच्या एका बँडचं विमान चुकलं होतं, पाच वाजताचा अर्धा तास रिकामा होता. वाजवाल का? गिटारवाल्याने तर मला विचारलंही नाही, हो म्हणून मोकळा झाला. खरं सांगते, मलाही आनंद झाला.

वर चढले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तिथून माणसं दिसत नाहीत, गर्दी दिसते. स्टेजपुढे मोकळी जागा, तिथे फोटोवाले, मग लोखंडी कठडा, आणि त्यापलीकडे हजारो लोक. बरेचसे खाली बसून रात्रीच्या बँडची वाट बघत होते. मी नेहमीसारखीच गायले. आवाज लांब लांब जात होता, पण परत काही येत नव्हतं. बाबांना शोधलं. कठड्याला धरून उभे होते, टोपी इवलीशी दिसत होती. टाळ्या पडल्या, भल्या माणसांनी वाजवाव्यात तशा.

बाबा म्हणाले, "चांगलं झालं." कोणत्याच शब्दाबद्दल विचारलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तुयं तोंडच नाई दिसलं मले. त्या मोठ्या पडद्यावर ह्याचे बोटंच दाखवून राह्यले." ड्रमवाली हसली, पण गिटारवाल्याला ते लागलं.

पुढच्या वर्षी आयोजकांचा फोन आला. मोठ्या स्टेजवर दुपारी बारा, की पंक स्टेजवर चार? आम्ही दोन आठवडे भांडलो. गिटारवाला म्हणाला, "लोक मोठ्या स्टेजसाठी झुरतात, अन् तुमाले संडासाजवळ वाजवायचं आहे." त्याचं चूक नव्हतं. त्याच्या घरी त्याला अजून विचारतात की हे कधी सोडणार. मोठ्या स्टेजवरचा एक फोटो त्याच्या आईला दाखवता आला होता. मी त्याला म्हटलं, मला समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर मी कोणासाठी ओरडते आहे तेच कळत नाही. शेवटी ड्रमवाली म्हणाली, "तिथी वरून कोणी पडलं तं उचलासाठीबी कोणी नाई." त्यावर तो पहिल्यांदा हसला. आम्ही लहान स्टेज घेतलं. तो गाडीत भुसावळपर्यंत फुगून होता, मग पुऱ्या मागितल्या.

यंदा पुन्हा तीच जागा, तोच चौथरा. मागच्या वर्षीची काही पोरं ओळखीची निघाली. त्यांनी बाबांसाठी पुढे प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, पण बाबा बसले नाहीत. मोठ्या स्टेजचा धडधडाट अधूनमधून आमच्या गाण्यांत घुसत होता. मी त्या आवाजाच्या वर ओरडत होते, आणि त्याची मला लहानपणापासूनची सवय होती.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर अकोल्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी बाबांना विचारलं, "पोरगी काय करते?" बाबांना ऐकू गेलं नाही. मी ओठांनी प्रश्न सांगितला.

"दवाखान्यात लॅबमंदी आहे," बाबा म्हणाले. "अन् गाते."

"असं? भजन का?"

"नाई. भांडते. गाण्यात." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बरोबर सांगून राह्यलो ना वं?"

मी मान डोलावली. त्या गृहस्थांनी थोडं सरकून बाबांना खिडकीजवळची जागा दिली.