काय म्हणतेय चिमणी?

चिमण्या दाणा खातात आणि फोलपट खाली टाकतात. सकाळी झाडावं, तर संध्याकाळी पुन्हा तेवढंच. आमच्या गल्लीतले किस्से असेच साचले. मी शाळेची पायरी चढले नाही, त्यामुळे लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. सगळं डोक्यात राहिलं. आता नात म्हणते, "आजी, तू बोल, मी लिहिते." म्हटलं, लिही बाई. फक्त मधे सुधारत बसू नको. चिमणीचं बोलणं तुमच्या शाळेत शिकवत नाहीत.

नाशकात अंबडच्या कारखान्यांच्या पाठीमागे आमची रो-हाउसची गल्ली. प्रत्येक घरापुढे चार पावलांची बाग. आमच्या बागेत एक पेरू, एक जास्वंद आणि कट्ट्याला लागून मधुमालतीचा वेल. आमचे हे कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्रा दाबायची मशिनं, दिवसभर धाड धाड. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण ओव्हरटाइमला कापूसही दमायचा. नोकरी संपायच्या आधीच कान संपले. डाव्या कानात थोडं राहिलं होतं. तोंड अगदी कानाशी नेऊन बोललं, तरच कळायचं. आता परक्या माणसाच्या कानाशी तोंड कोण नेणार?

हे पहिल्यांदा "काय?" म्हणायचे. दुसऱ्यांदा म्हणायची लाज वाटायची. मग नुसती मान हलवायचे. पुढे पुढे माणसं आली की आत निघून जायचे. घरात "चहा" आणि "लाइट गेली" एवढंच बोलणं उरलं. हसतं-खेळतं माणूस असं भिंतीसारखं झालं, की घरातल्या बाईला दुसरी कसली भीती उरत नाही.

एक दिवस मी कट्ट्यावर बाजरी पाखडत होते. दोन चिमण्या आल्या, सुपाच्या कडेला बसल्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. हे दारात उभे होते. अचानक म्हणाले, "काय म्हणतायत गं?"

इतक्या दिवसांनी माणूस आपण होऊन काही विचारतोय म्हटल्यावर "चिव चिव" कसं सांगणार? मी कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "म्हणतायत, काय वं माय, सगळी बाजरी तूच खाशी का?"

हे हसले. कट्ट्यावर बसले. म्हणाले, "मग दे की त्यांना."

आम्ही दोघं बागलाणातले. मी नामपूरची, हे सटाण्याकडचे. नाशकात येऊन आमची अहिराणी सुटली. चिमण्यांची सुटली नव्हती, त्याला मी काय करणार?

०

रशीदभाई ह्यांचे कारखान्यातले दोस्त. टूलरूमचे कारागीर. त्यांना कळलं, की दादा चिमण्यांना दाणा घालतात. म्हणाले, "भाभी, सुपात दाणे ठेवता? मी बनवून देतो."

बनवलं. चकचकीत स्टीलचं ताट, चारी बाजूंनी वळवलेली कड, खाली पाणी निघून जायला भोकं, वरती साखळ्या. पॉलिश असं, की केस विंचरून घ्यावेत. हे बघतच राहिले. रशीदभाईंना मिठीच मारली.

पेरूच्या फांदीला ताट टांगलं. चिमणी फिरकेना. वैशाखाचे दिवस; दुपारी त्या ताटावर पापड भाजून निघाला असता. दोन दिवसांनी एक दयाळ आला. काळा-पांढरा, शेपटी वर. ताटात डोकावला, आत दुसरा दयाळ दिसला, आणि लागला त्याला टोची मारायला. ताट वाजतंय टणटण. रशीदभाई कंबरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "भाभी, फिनिशिंग में कुछ कमी नहीं।"

ह्यांनी मला कोपर मारलं. "काय म्हणतोय तो?"

मी म्हटलं, "म्हणतोय, माझ्या जागी हा कंत्राटी कामगार कुणी लावला?"

हे इतके हसले, की डोळ्यांतून पाणी. रशीदभाईंनी विचारलं, "दादा, क्या हुआ?" तर ह्यांनी स्वतःच्या तोंडानं त्यांना सांगितलं. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदा ह्यांनी कुणाला काही सांगितलेलं मी पाहिलं.

ताट काढलं, नारळाच्या करवंट्या टांगल्या. चिमण्या संध्याकाळी हजर. ताट मी पाहुण्यांना फराळ द्यायला ठेवलं. पाहुणे आरशाला बुजत नाहीत.

०

आमच्या शेजारी जगताप वहिनी. बाई मनाची चांगली, पण आवाज भोंग्याचा. त्यांनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. आमच्या पाखरांनी त्या आधी चाखल्या आणि मग वरून आपली पावतीही दिली. वहिनी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, हे काय चाललंय? दाणा तुमच्याकडे आणि घाण आमच्याकडे? उद्यापासून हे बंद झालं पाहिजे! नाहीतर मी गल्लीची मीटिंग बोलावते!"

गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. एक सोडून. हे कट्ट्यावरून उठून आले. चेहरा पडला होता. वहिनींचे हातवारे दिसत होते ना! माझ्याकडे डावा कान करून म्हणाले, "काय म्हणतायत वहिनी?"

आता सांगितलं असतं, तर हे तिथल्या तिथे करवंट्या उतरवून आत गेले असते. आणि आत गेलेला माणूस पुन्हा बाहेर काढायचा म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "म्हणतायत, पाखरांमुळे गल्लीला शोभा आली. त्यांच्याकडे पण यावीत, अशी इच्छा आहे."

ह्यांनी वहिनींना हात जोडले. आत गेले आणि नवी कोरी करवंटी घेऊन आले, काथ्याची दोरी ओवलेली. वहिनींच्या हातात ठेवली. वरून मूठभर बाजरी.

वहिनी माझ्याकडे बघतायत, मी पेरूकडे बघतेय. शेवटी म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या.

पंधरवड्यानं पुन्हा फाटकाशी. तोच आवाज. "ताई, तुम्ही तांदळाची कणी घालता ना? म्हणून सगळ्या तुमच्याकडे येतात! हे बरोबर नाही! आमच्याकडे सकाळपासून एक बुलबुल, तोही बसून गेला!"

"काय म्हणतायत?" ह्यांनी विचारलं.

ह्या वेळी मी जसंच्या तसं सांगितलं.

०

सुनीलचं, म्हणजे आमच्या मुलाचं, लग्न निफाडकडे झालं. व्याही द्राक्षबागायतदार. द्राक्षं भरली, की पहाटेपासून बागेत उभं राहून डबा बडवायचा आणि पाखरं हाकलायची. जन्म त्यात गेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशकात आले आणि आठ दिवस आमच्याकडे राहिले. डोळ्यांना काळा चष्मा, दिसत नाही काही. पण कान शाबूत!

पहिल्या सकाळी चिमण्या करवंटीवर आल्या. व्याही झोपेतून ताडकन उठले, बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!"

चिमण्या उडाल्या. बुलबुल उडाला. वहिनींची करवंटीसुद्धा रिकामी झाली.

आमचे हे पाणी भरत होते. त्यांना आवाज कुठला? दिसलं एवढंच, की व्याही उगवत्या सूर्याकडे तोंड करून हात हलवतायत. ह्यांना वाटलं, व्यायाम. पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं? तेही शेजारी जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले.

रोज सकाळी हे चालायचं. व्याही झोपेत हाकलायचे, हे सोबत करायचे, आणि व्याही पुन्हा आडवे झाले की हे करवंट्या भरायचे.

जाताना व्याही म्हणाले, "विहीणबाई, आम्ही ज्यांच्या पाठीमागं धोंडे घेऊन पळतो, त्यांना तुम्ही पंगत वाढता. म्हंजी आमच्याकडं नाश्टा करून ती जेवायला इकडं येत्यात!"

मी म्हटलं, "ती आपल्या लेकीच्या सासरी आली, असं समजा."

चष्मा सावरून निघाले. पण पुढच्या सीझनला त्यांचा माणूस द्राक्षांची एक पाटी आमच्यासाठी आणि एक लहान पाटी वेगळी घेऊन आला. निरोप होता: "ही टोचलेली हायेत. ज्यांची उष्टी, त्यांनाच द्या."

बुलबुलानं एक मणी फोडला आणि मान वाकडी करून बघितलं. ह्यांनी विचारलंच. मी म्हटलं, "म्हणतोय, चव ओळखीची वाटते." हा बुलबुल शुद्ध बोलायचा. गंगापूर रोडच्या बंगल्यांकडून यायचा ना!

०

भाचीच्या लग्नाला मी नामपूरला गेले आणि तिथेच आठवडाभर अडकले. परत आले तर बाग झाडलेली, करवंट्या भरलेल्या. पण जगताप वहिनी मला कोपऱ्यावरच भेटल्या. भोंगा बराच खाली आणून म्हणाल्या, "ताई, तुम्ही नव्हता तर भाऊ एक शब्द बोलले नाहीत हो कुणाशी. मी एकदा हातानं खुणा करून विचारलं, चिमण्या काय म्हणतात? तर म्हणाले, 'ती आल्यावर कळेल.'"

मी पिशवी ठेवली, पाय धुतले, कट्ट्यावर आले. हे वाटच बघत होते. वेलाखालची जागा बोटानं दाखवून म्हणाले, "परवा सकाळी इथं दोघी भांडल्या. बराच वेळ. काय झालं होतं?"

आता मी नामपुरात. मला काय माहीत? पण एवढा जपून ठेवलेला प्रश्न.

मी म्हटलं, "वाटणीवरून."

हे मान डोलावून म्हणाले, "मला वाटलंच."

०

सुनीलला प्रमोशन मिळालं आणि त्यानं पहिलं काय केलं, तर बापासाठी कानाचं मशीन आणलं. शेंगदाण्याएवढं. डॉक्टरांकडे जाऊन मापाचं करून घेतलं होतं. मशीन बसवायला गल्ली जमली. रशीदभाई आले, त्यांनी आधी मशीनच हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि फिनिशिंग पास केलं. जगताप वहिनी आल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. सून म्हणाली, "आई, बाहेर या ना, आनंदाची गोष्ट आहे."

आनंदाचीच होती. पण मला एकच घोर. इतकी वर्षं ह्या माणसाला जगाचं बोलणं माझ्या तोंडून कळलं. आता ते थेट ऐकणार. भरपूर ऐकतील, आणि मला काही विचारणार नाहीत. चहा आणि लाइट गेली, तेवढंच राहील.

कुकरची शिट्टी झाली. हे दचकले. पंखा वर बघून ऐकला. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊ, येतंय का ऐकू?" तर हे दोन पावलं मागे सरले आणि मला हाक मारून म्हणाले, "अगं, वहिनींचा आवाज असा आहे होय?"

वहिनी म्हणाल्या, "का? ताईंनी सांगितलं नव्हतं?"

मी कुकर उतरवायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मशीन लावून कट्ट्यावर बसले. मी दारातून बघत होते. एक चिमणी आली. करवंटीच्या कडेला बसली, दाणा उचलला, ह्यांच्याकडे तोंड केलं.

"चिव. चिव चिव."

हे पुढे वाकले. चिमणी पुन्हा बोलली. ह्यांनी पुन्हा ऐकलं. पार शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"एवढंच?"

मी उंबऱ्याबाहेर आले.

"तू तर बरंच काही सांगायचीस."

मी पदराला हात पुसत उभी. हात कोरडेच होते.

ह्यांनी कानातलं मशीन काढलं. रुमालात गुंडाळलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. कट्ट्यावर थोडे सरकले, माझ्यापुरती जागा केली आणि डावा कान माझ्याकडे केला.

"हां. आता नीट सांग. काय म्हणत होती?"

मी बसले. चिमणीकडे बघितलं. कानाशी तोंड नेलं.

"म्हणतेय, बाबानी कान लाया वं बहिणीसहो, आते जपीसन बोला!"

हे मान डोलावून म्हणाले, "मला वाटलंच."