दोन बोटं माया

चूक धाकट्याची. आणि धाकटा म्हणजे कोण, हे लपवण्यात अर्थ नाही. हे लिहितोय तोच. ताईने त्याच्या हातात स्वतःचं कार्ड दिलं आणि बजावलं, "माझा फायनान्सच्या पदवीचा अर्ज भर. इथल्या सरकारी कॉलेजचा, संध्याकाळचा, तीन वर्षांचा." दोन्ही कॉलेजांचे अर्ज एकाच संकेतस्थळावर होते. दुसरं मोठ्या शहरातलं, खाजगी, आणि त्याच्या फोटोत पोहण्याचा तलाव होता. धाकट्याचं बोट घसरलं ते थेट तलावात. तीन हजार गेले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'परत मिळणार नाहीत.'

त्याहून वाईट म्हणजे, आठवड्याभरात तिथून निवड झाल्याचं पत्र आलं. शनिवारपर्यंत चाळीस हजार भरून जागा पक्की करा, बाकीचं कर्ज आम्ही मिळवून देतो. सरासरी पगार, महिना पंचाहत्तर हजार.

बस डेपोत इंजिनं खोलणाऱ्या बाबांनी दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या डेपोला सांगितली. घरी आल्यावर हातावरचं ग्रीसही न पुसता म्हणाले, "देवानेच याच्याकडून बटण दाबून घेतलं."

"देवाने तीन हजार पण द्यायचे होते मग," ताई म्हणाली.

ताई एका शिंप्याच्या दुकानात शाळांच्या गणवेशाची मापं घ्यायची आणि हिशेब ठेवायची. पगार सोळा हजार. कपडा बेतताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. दुकानाचे मास्तर एक बोट सोडायचे, ताई दोन. म्हणून दुकानात तिचं नावच पडलं होतं 'दोन बोटं'.

तिलाही ते कॉलेज आवडलं होतं, हे धाकट्याला ठाऊक होतं. तलाव नाही, ग्रंथालय. तो फोटो ती तीनदा मोठा करून बघत होती.

बुधवारी तिने कॉलेजला फोन लावला. "सरासरी राहू द्या. रांगेत मधोमध जो उभा आहे, त्याचा पगार किती?"

"मॅडम, आमची सरासरी..."

"सरासरी मापाचे शर्ट शिवले तर वर्गात एकालाही बसत नाहीत हो. आणि ज्यांना नोकरी लागली नाही, ते धरलेत का यात?"

"ते... नोकरी लागलेल्यांचाच काढतो आम्ही."

फोन ठेवून ती मास्तरांना म्हणाली, "मापाच्या दिवशी गैरहजर असलेल्या पोराला गणवेश लागत नाही म्हणे."

मग दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने त्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधून शोधून फोन केले. अकरा जण बोलले. शुक्रवारी तिने कापायच्या टेबलावर खडूने अकरा आकडे ओळीने मांडले. पहिला महिना चार लाखांचा. तो मामाच्याच कंपनीत होता. शेवटचे दोन शून्य. नोकरीवाल्या नऊ जणांची सरासरी खरंच पंचाहत्तर हजार भरत होती. कॉलेज खोटं बोलत नव्हतं. पण मधला, सहावा, एकतीस हजारांवर उभा होता. आणि कर्जाचा हप्ता पंचवीस हजार, सात वर्षं.

संध्याकाळच्या कॉलेजचे सात जण तिने तसेच मांडले. मधला सत्तावीस. फी वर्षाला चाळीस हजार, हप्ता नाही.

मास्तर चष्मा कपाळावर सारून बघत राहिले. "म्हणजे या कपड्यात मायाच नाही."

"एक सूतही नाही. जरा अंग भरलं की फाटणार."

रात्री बाबांनी शेवटचं हत्यार काढलं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल. पण अंथरूणच मोठं घेतलं तर?"

"अंथरूण हप्त्यावर घेतलं तर झोप कुठून आणायची, बाबा?"

"डेपोत काय सांगू मी आता?"

"सांगा, पोरीने माप घेतलं. बसलं नाही."

बाबा बराच वेळ नखातलं ग्रीस काढत बसले. मग म्हणाले, "तो सहावा... त्याचं काय चाललंय ग?"

"चौघांत एक खोली. आजारी पडायची सोय नाही, म्हणाला."

मोठ्या कॉलेजचं पत्र बाबांनीच घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. फेकलं मात्र नाही.

शनिवारी ताईने चाळीस हजार भरले, पण इथल्या कॉलेजात. साठवलेल्या पैशातून, आणि या वेळी बटण स्वतः दाबून. मास्तरांनी रोज अर्धा तास लवकर सोडायचं कबूल केलं, बदल्यात शाळा उघडायच्या महिन्यात रविवार सकाळ. आता ती साडेपाचला टेप गळ्यातच विसरून धावते, आणि वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "काय दोन बोटं, आज कोणाचं माप?"

"सरांचं. फार सैल शिकवतात."

धाकट्याने शिकवण्या धरल्या आणि महिन्याला दोनशे करत ताईचे तीन हजार फेडायला घेतले. सव्वीसशे फिटले. उरलेल्या चारशेंवर तो अडून बसलाय.

"ताई, दोन हप्ते तर राहिलेत. थोडी माया ठेव ना."

"ठेवलीय की. व्याज कुठे लावलंय?"

चारशे अजून बाकी आहेत.