डायरेक्टरसाहेबांची नोकरी

हसणार नसाल तरच सांगतो. नाही, हसालच तुम्ही. बरं, चहा घ्या आणि ऐका.

तिरुवैयारुच्या अलीकडे, कालव्याच्या काठी, माझे मेहुणे गोविंदराव यांचा काथ्याच्या दोऱ्यांचा कारखाना आहे. त्याची त्यांनी कंपनी केली. कंपनीला दोन डायरेक्टर लागतात म्हणे, तर दुसरा मी! कागदावर डायरेक्टर, प्रत्यक्षात पगारी सुपरवायझर. म्हणजे मालकही मीच आणि नोकरही मीच!

तेव्हा बायकोच्या पित्ताशयात खडे झाले होते. कामगार विम्यातून ऑपरेशन व्हायचं, पण ऑफिसाला शंका आली: डायरेक्टर कामगार कसा? चौकशीला माणूस येणार होता. माणूस हं! गोविंदराव तसंच म्हणाले होते.

त्या दुपारी मी ऑफिसात एकटाच. कालव्याच्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता. बाहेर सोनेरी काथ्या वाळत पडलेला. डोळे मिटत होते, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे माझ्या लेकीचं, सरस्वतीचं, लग्न लागत होतं. पापनाशमचं स्थळ आलं होतं ना! मुलाची आत्या न कळवता येऊन माणसं बघून जाते, असं ऐकून होतो. नादस्वरम् वाजतोय, मी जरीचं अंगवस्त्र सावरतोय…

डोळे उघडले तर दारात रेशमी साडीतल्या एक बाई. तमिळ बोलत होत्या. त्यात काय? घरात मराठी असलो तरी घराबाहेर आम्हीही तमिळच बोलतो. आत्याच ही!

“तुम्ही इथे नक्की काय करता?” बाईंनी विचारलं.

मुलाकडचा अगदी पहिला प्रश्न! मी ताठ झालो. “डायरेक्टर आहे.”

“ते ठाऊक आहे. पण काम काय करता?”

“काम? छे! कामाला माणसं आहेत. मी कालवा बघतो.”

“रोज यावं लागतं?”

“मन झालं तर येतो.”

“पगार मिळतो?”

“मालक कुठे पगार घेतो, अम्मा?”

“तुमच्यावर कोण आहे?”

मी वर बोट दाखवलं. “हा पंखा!”

बाई गोड हसल्या. मला वाटलं, जमलं! मी कॉफी मागवली आणि वर म्हटलं, “सरस्वतीला घरकाम सगळं येतं हं.”

“सरस्वती कोण?” बाई गोंधळल्या.

तेवढ्यात गोविंदराव धावत आले. “मॅडम, माफ करा, उशीर झाला! भावोजी, या विम्याच्या ऑफिसातून आल्यात.”

काय सांगू! नादस्वरम् तिथल्या तिथे बंद. मला समोर फक्त बायको दिसायला लागली, पोट धरून बसलेली.

“मॅडम, मी खोटं बोललो! रोज येतो, पगार घेतो, काम करतो!”

“आत्ताच म्हणालात, करत नाही.”

“तुम्ही पापनाशमच्या आत्या वाटलात!”

गोविंदरावांना सगळा उलगडा झाला आणि ते जे सुटले! “अहो, तुम्हाला कळतं का काही? सकाळी लॉरी भरून घ्यायला सांगितली होती, ती अजून उभी! काथ्या उलटायचा होता, तो तसाच! इथे बसून स्वप्नं बघता? बहिणीचं ऑपरेशन घालवलंत ना?” बाहेरचे कामगार काम सोडून खिडकीशी जमले. मी मान खाली घालून “हो”, “चुकलं”, “आत्ता भरतो” म्हणत राहिलो.

बाईंनी शांतपणे कॉफी संपवली. मग खिडकीतल्या कामगार बायकांना विचारलं, “हे रोज असंच?”

“रोज, मॅडम! पगाराच्या दिवशी जरा जास्त.”

बाई उठल्या. “सर, ज्याला पगार मिळतो, ज्याला वरचा माणूस काम सांगतो आणि जो ते ऐकतो, तो कामगारच. डायरेक्टर असला तरी. तुमच्या बाबतीत मला काही शंका उरली नाही.”

ऑपरेशन छान झालं. दवाखान्यात नर्सने बायकोला विचारलं, “विमा कुणाच्या नोकरीवर?”

बायको उशीला टेकून म्हणाली, “ह्यांच्या. माझ्या भावाची बोलणी खातात ना, त्या नोकरीवर.”