वुलांगची पाठवणी

आमच्या बेटाच्या बंदरावर, वायंगापूच्या धक्क्यावर, घोडा बिथरला की लोक पशुवैद्याकडे जात नाहीत, रेतांगला बोलवायला पळतात. त्या धक्क्यावर एकतीस वर्षं मी जनावरं तपासली आणि त्यांच्या कागदांवर शिक्के मारले, तेव्हा हे सांगताना मला कमीपणा वाटायला हवा. वाटत नाही. जो घोडा बोटीच्या फळीवर पाय ठेवायला तयार नाही, त्याच्यापुढे माझी कुपांगची पशुवैद्याची पदवी नाचवून काय उपयोग?

रेतांग येतो तो तोंडातला विडा चघळत, सावकाश. आधी घोड्याकडे पाठ करून उभा राहतो. घोडा त्याला हुंगतो, मग तो दोर सैल करतो. आणि मग व्यापाऱ्याला विचारतो, "ह्याला घरी काय म्हणायचे?" व्यापारी हसतात. "मटणाला कसलं नाव, आमा?" म्हणतात; आमा म्हणजे बाबा. रेतांग हसत नाही आणि रागावतही नाही. नाव कळेपर्यंत तिथंच उभा राहतो. बोटीला उशीर व्हायला लागला की व्यापारी आपणच कुठूनतरी नाव शोधून आणतात.

हे तो कुठं शिकला ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी त्या ट्रकमध्ये होते.

रेतांग मूळचा लेवाच्या पलीकडच्या डोंगरातल्या प्राइलांगू गावचा. त्याच्या बापजाद्यांनी एकाच मोठ्या घरी पाणी भरलं, लाकडं फोडली, घोडे राखले. तोही तेच करायचा. तिशीला आला तरी स्वतःचा घोडा नाही, बायको नाही. त्या साली त्या घरची एक घोडी व्यायली आणि मेली. मागं राहिलं एक तांबडं शिंगरू, कपाळावर पांढरा चांद असलेलं. रेतांगनं ते बकरीच्या दुधावर वाढवलं. खांबांवर उभ्या घराच्या खाली, घोडे बांधतात तिथंच, त्याच्या पोटाला पाठ लावून निजायचा. शिंगराचं नाव ठेवलं वुलांग, म्हणजे चंद्र.

वुलांग मोठा झाला, आणि घरचे मालक त्याच्यावर बसू लागले. आमच्याकडे थोर माणसाचं नाव तोंडानं घेत नाहीत, त्याला त्याच्या घोड्याच्या नावानं ओळखतात. म्हणून मालक झाले 'वुलांगचे उम्बू', म्हणजे वुलांगचे धनी; बाईला तसंच मानानं 'रांबू' म्हणतात. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण लिहिणार नाही. शिकले असले तरी इतकी शिकलेली नाही.

उम्बू वारले तेव्हा वुलांग दहा वर्षांचा होता. थडग्याचा दगड डोंगरातून ओढून आणून घडवून होईपर्यंत आमच्याकडे माणूस घरातच राहतो, कापडांत गुंडाळून बसवलेला. त्याला सकाळी कॉफी देतात, विडा देतात. उम्बू असे चौदा महिने राहिले. तेवढे दिवस त्यांचं नाव उच्चारायचं नाही, आणि ज्या नावानं त्यांना ओळखायचे तेही नाही. माणूस थडग्यात पोचण्याआधी त्याला हाक मारली तर तो वाटेत थांबून मागं वळून बघतो, असं समजतात. म्हणजे चौदा महिने त्या घोड्याला कुणी नावानं बोलावलं नव्हतं. तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दफनाच्या दिवशी वुलांगला थडग्यापाशी कापायचं होतं. पूर्वजांच्या गावाला उम्बू पायी कसे जाणार? थडग्यापर्यंत त्याच्यावर बसून जायचा मान रेतांगचा होता. त्यानं तो पत्करला होता. मी जितका पाढ्यांवर विश्वास ठेवते तितका रेतांग ह्या गोष्टीवर ठेवायचा.

उम्बूंची मुलगी कोंगा माझी कॉलेजातली मैत्रीण. बापानं शेवटच्या आठवड्यात तिचा हात धरून सांगितलं होतं, "वुलांगला कापू नका. मी चालत जाईन." ऐकणारी ती एकटीच. तिचे काका म्हणाले, तापात माणूस काहीही बरळतो. कोंगा भांडत बसली नाही. समुद्रापलीकडे बिमाला तिच्या वडिलांचे एक स्नेही घोड्यांची पैदास करायचे, त्यांना तिनं पत्र लिहिलं. गुरुवारी दुपारी चारला बोट होती. दफन त्यानंतर नऊ दिवसांनी, आणि पुढची बोट तीन आठवड्यांनी. म्हणजे ही बोट चुकली की घोडा गेला. काका दगडाच्या कामावर असताना तिनं रेतांगला बोलावून सांगितलं, "तू ने त्याला."

रेतांगनं हातातला चारा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर."

मी तपासणीसाठी लेवात गेले होते, ज्या ट्रकनं वुलांग जाणार होता त्याच ट्रकनं परत येणार होते. चालवणारा मेल्की, सावू बेटाचा, तोंडानं फाटका पण हात सरळ. मागं हौद्यात व्यापाऱ्याच्या पाच घोड्या भरल्या होत्या. आणि आमच्या लोकांनाच सुचेल अशी चूक रेतांगनं केली. उम्बूंचा घोडा, त्याच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही, शेजारीही नाही. म्हणून वुलांगला केबिनच्या अगदी मागं, सगळ्यांच्या पुढं, बांबूची आडवण घालून एकट्याला उभं केलं. तोंड पुढं, मान राजासारखी उंच, दोर ताणून बांधलेला. गळ्यात लाल कापड. मी हे पाहिलं. घोड्याला मान खाली घालता आली नाही तर धूळ छातीत बसते, वळणावर त्याचा तोल जातो, आणि एकटा घोडा म्हणजे अर्धा घाबरलेला घोडा, हे सगळं मला ठाऊक होतं. बोलले नाही. घाई होती, आणि मानाच्या गोष्टीत कशाला तोंड घाला, असंही वाटलं.

घाट सुरू झाला आणि मागून लाथा ऐकू यायला लागल्या. तिसऱ्या वळणावर मेल्कीनं गाडी कडेला घेतली.

"बाई, तुमचा राजा माझी केबिन फोडतोय."

मी हौद्यावर चढले. वुलांग घामानं डबडबलेला, मांड्यांवर फेस, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. पातळ लीद पायांवर ओघळलेली. दात करकर वाजवत होता. जबड्याखाली बोट ठेवून घड्याळ लावलं तर मिनिटाला अठ्ठ्याऐंशी ठोके, याच्या निम्मे हवेत. रेतांगनं बादली पुढं केली, त्यानं तोंडही लावलं नाही.

"सुई द्या की," मेल्की म्हणाला. "पिशवीत बाटली आहे ना तुमच्या?"

"झोपेचं औषध दिलं तर पुढच्या वळणावर आडवा पडेल. पाय मोडेल. तू पुढं बघ."

"मग मागं फिरू. अशा अवस्थेत तुम्हीच त्याला बोटीवर चढू देणार नाही."

ते खरं होतं. धापणाऱ्या घोड्याच्या कागदावर मी शिक्का मारला नसता, कोंगासाठीही नाही.

मी रेतांगकडे पाहिलं. तो आडवणीला टेकून गप्प उभा होता. मला राग आला.

"तू ह्याला दुधावर वाढवलास ना? मग उभा काय राहिलास?"

"रांबू," तो हळूच म्हणाला, "त्यालाच जायचं नसेल तर?"

तेव्हा मला कळलं. त्याला काही करायचंच नव्हतं. तो नुसता गप्प राहिला असता तरी बोट चुकली असती, घोडा गावी परतला असता, आणि उम्बू आपल्या घोड्यावर बसून गेले असते. कोंगाचा हुकूम मोडला असं कुणी म्हणालं नसतं. सगळं घोड्यानंच केलं असतं.

मी म्हणाले, "त्याला कुठं जायचंय ते नंतर ठरव. आत्ता त्याचा जीव चाललाय, तो बघ. ती आडवण काढ. तोंड मागं फिरव. म्हातारी घोडी शेजारी आण."

"उम्बूंच्या घोड्याशेजारी व्यापाऱ्याची घोडी?"

"उम्बूंचा घोडा मरायला टेकलाय."

मेल्की बोलला, "लग्न नाही लावायचं, आमा. नुसतं उभं करायचंय."

रेतांगनं आडवण सोडली. दोघांनी मिळून वुलांगला फिरवला, दोर सैल केला. मान खाली जाताच तो खोकला, नाकातून काळी धूळ पडली. म्हातारी घोडी आपणहून त्याला चिकटून उभी राहिली. मी ओल्या फडक्यानं त्याची मान आणि मांड्यांची आतली बाजू पुसत होते. लाथा थांबल्या. पण थरथर थांबेना, पाणी घेईना. रेतांग "हो, हो" करत होता आणि दर वेळी वुलांगचे कान त्याच्याकडे वळायचे, उभे राहायचे, आणि पुन्हा मागं पडायचे.

मेल्की फाळक्यावर बसून बघत होता. म्हणाला, "ह्याला काहीतरी ऐकायचंय. आमची म्हातारी दाराकडे कान लावून असायची, भाऊ बोटीवर गेल्यावर. तसाच करतोय."

रेतांगचा हात घोड्याच्या मानेवर थांबला. त्यानं रस्त्याच्या वरच्या टोकाला पाहिलं, खालच्या टोकाला पाहिलं. रस्ता रिकामा होता. मग त्यानं डोंगराकडे, प्राइलांगूच्या दिशेला पाहिलं, आणि तिकडून तोंड फिरवून घोड्याच्या कानाशी नेलं.

"वुलांग."

घोड्याचे कान पुढं आले.

"वुलांग," रेतांग पुन्हा म्हणाला. आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं, संध्याकाळी माळावरून बोलावतात तसं, लांबवून. दरीतून ते नाव परत आलं. मेल्की माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. घोडा बारीक आवाजात खिंकाळला, रेतांगच्या छातीवर डोकं घासलं, आणि थोड्या वेळानं बादलीत तोंड घालून सगळं पाणी प्यायला.

घोडीमुळे झालं असेल, मान सैल झाल्यामुळे झालं असेल. पंचवीस मिनिटांनी मी पुन्हा ठोके मोजले. बावन्न.

उरलेल्या घाटात रेतांग मागं उभाच होता. केबिनमध्ये आम्हाला ते नाव सारखं ऐकू येत होतं. आता सोडलंच आहे तर कशाला राखायचं, अशा आवाजात.

साडेतीनला धक्क्यावर पोचलो. मी तपासलं, शिक्का मारला. रेतांगनं वुलांगला फळीवरून आत नेऊन म्हाताऱ्या घोडीशेजारी बांधलं, दोर सैल ठेवला, खलाशाला नाव सांगितलं आणि भोंगा झाल्यावर खाली उतरला. बोट वळली तेव्हा आतून एकदा खिंकाळणं ऐकू आलं. रेतांगनं तोंड उघडलं आणि मिटलं. वुलांग बिमाला उतरला; व्यापाऱ्याच्या घोड्या तिथून पुढं सुलावेसीत गेल्या. तिथं घोडा खातात, आम्हीही खातो, त्याबद्दल मी रडणार नाही.

कोंगानं काकांची बोलणी खाल्ली, नंतर सगळं निवळलं. नाव घेतल्याचं मेल्कीनं किंवा मी कधी तोंडातून काढलं नाही. ते रेतांगनंच कोंगाला कळवलं, आणि गावी परत गेला नाही. दफनाला सगळं गाव होतं, त्याला जन्मभर राखलेली जागाही होती. तो मात्र धक्क्यावर दोरांच्या गुंडाळीवर बसलेला मला दिसला.

"तुला कुणी हाकललं नाही," मी म्हणाले. "जा की."

"हाक मारली की दोघंही वळतात, रांबू. एक पाणी प्याला. दुसरे रस्त्यात उभे असतील मागं बघत. त्यांना काय तोंड दाखवू?"

मी म्हणाले, हा वेडेपणा आहे. तो म्हणाला, असेल.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. बिमाहून येणाऱ्या खलाशांना तो एकच विचारायचा, "खातो का?" खलाशी म्हणायचे, खातो, माजलाय, चांदवाली शिंगरं झाली आहेत. एकदा मी बोटीचं तिकीट काढून त्याच्या हातात ठेवलं, जाऊन बघून ये म्हणून. त्यानं ते घडी घालून परत दिलं.

"ओळखणार नाही असं वाटतं का तुला?"

"ओळखेल, म्हणून तर. माझ्यामागं निघेल. मग त्याला कुठं नेऊ?"

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी खलाशानं सांगितलं, वुलांग गेला. म्हातारपणानं, उभा होता तो खाली बसला आणि गेला. रेतांगनं विचारलं, "तेव्हा कुणी हाक मारली का?" खलाशाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेतांग मेल्कीच्या मुलाच्या ट्रकमध्ये बसून प्राइलांगूला गेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोंगा त्याच्याबरोबर थडग्यापाशी गेली. त्यानं दगडावर विडा ठेवला आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "उम्बू, जरा थांबा. तो निघालाय."

कोंगानं त्याला तिथंच राहायला सांगितलं. घर आहे, आता कुणी काही बोलणारं उरलेलं नाही. तो दोन रात्री राहिला आणि परत आला. मी विचारलं, का आलास?

"त्याला गावचा रस्ता कुठला ठाऊक? तोंड मागं फिरवून आणला होता घाटातून. इथून गेला, इथंच उतरेल."

माझा संयम कमी आहे. "मेलेला घोडा बोटीनं येत नाही, रेतांग."

त्यानं विडा गालात सरकवला आणि समुद्राकडे बघत राहिला.

"पोहत येत असला तर अजून वेळ लागेल," म्हणाला.