पंख्यात अडकलेल्या पापड्या

इथल्या डच शहराच्या झुइडओस्ट भागातल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात गॅसच्या भट्टीची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांतून वर येते. ती भट्टी बघायला येणारा मेकॅनिक सुरिनामचा आहे. त्याचे पणजोबा आपल्याकडून तिथं मजुरीला गेलेले, म्हणून तो भोजपुरीसारखं बोलतो आणि मला भौजी, म्हणजे वहिनी म्हणतो. बूट दारात काढतो, ताप बघावा तसा मोटरवर तळवा ठेवतो आणि तिलाच विचारतो, "का भइल, बचिया?"

यंदा मोटर नुसती गुणगुणत होती, हवा येत नव्हती. त्यानं वीज बंद करून पंखा हातानं फिरवला, तर तो अडकला. आतून साबुदाण्याच्या पापड्यांचे तुकडे निघाले.

"ई का है, भौजी?"

गावी आमच्या गच्चीवर पापड्या दुपारपर्यंत कडकडीत व्हायच्या. इथं तसं ऊन कुठलं? म्हणून मी जाळीवर विरळ फडकं टाकून त्या वाळवत होते; मोडलेले तुकडे जाळीतून खाली पडतात, हे ध्यानातच आलं नव्हतं. तेच त्याला सांगितलं. माझी शाळा आठवीत सुटली, घरमालकापुढं मला बोलता येत नाही. आता घर जाणार, असंच वाटलं.

तेवढ्यात मालकाचा त्याला फोन आला. पंख्यात कचरा होता, काढला, मोटर चांगली आहे, असं तो डचमध्ये म्हणाला. कचरा कसला, ते बोलला नाही.

मग त्यानं कपडे वाळवायचा स्टँड जाळीजवळ ओढला आणि फडकं त्यावर पसरलं. "हमार माई टीन पर सुखावत रही," म्हणाला. म्हणजे त्याची आई छपराच्या पत्र्यावर वाळवायची. एक तुकडा फुंकून त्यानं खिशात टाकला.

"दादा, तो खाऊ नका, घाण आहे," मी म्हटलं.

"खाए खातिर ना, भौजी. माई के याद खातिर."